थंडीत भटकायला कुठलं बेट : नाओशिमा की तोनोशो?

डिसेंबर संपत आला की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतो. कधी तोक्योतल्या निशिकासाईहून, कधी ओसाकाहून, कधी थेट पुण्याहून. क्योतो-हिरोशिमा ठरलेलं असतं, मधल्या दोन रात्री मोकळ्या असतात आणि सेतो समुद्रातल्या एखाद्या बेटावर जायचं मनात असतं. मग प्रश्न येतो : नाओशिमा की शोदोशिमा?

मी कोबेत राहतो, त्यामुळे ही दोन्ही बेटं मला तशी जवळची. दोन्हीकडे ऐन थंडीत दोन-दोन रात्री राहून आलोय. आधी एका फेब्रुवारीत मी आणि बायको नाओशिमाला गेलो. पुढच्या जानेवारीत आई भारतातून आली होती, तेव्हा तिघं मिळून शोदोशिमावरच्या तोनोशो गावात राहिलो. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं की नंतर मलाच चुकल्यासारखं वाटतं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

अख्ख्या शोदोशिमाबद्दल मी इथे बोलत नाहीये. आवाजीनंतर सेतो समुद्रातलं ते सर्वांत मोठं बेट. गाडी घेऊन फिरायचं तर ती वेगळी सहल. मी बोलतोय ते पायी, रमतगमत, जाकिटाच्या खिशात हात घालून फिरण्याबद्दल. एकीकडे नाओशिमावरच्या होन्मुरा आणि मियानोउरा या दोन वस्त्या, दुसरीकडे तोनोशोचा जुना भाग. त्याला तिथे ‘मेइरो नो माची’ म्हणतात, म्हणजे भुलभुलैयाचं गाव.

थंडीबद्दल एवढंच सांगतो की इथला गारठा होक्काइदोसारखा नाही. बर्फ क्वचितच पडतो. आकाश निळंशार, ऊन लख्ख. जानेवारीत दुपारी आठ-दहा अंश, पहाटे दोन-तीन. आकडे वाचून महाबळेश्वरची आठवण होते आणि माणूस स्वेटरवर निभेल असं समजतो. पण महाबळेश्वरला चहूबाजूंनी समुद्र नाही. इथे पाण्यावरून वारा सुटतो आणि तो कानाच्या पाळ्यांपासून सुरुवात करून थेट हाडांत शिरतो. दोन्ही ठिकाणी राहून झाल्यावर माझं मत असं बनलंय की हिवाळ्यात बेट निवडताना त्या बेटावर वाऱ्याला आडोसा किती, हे आधी बघावं. बाकीचं नंतर.

नाओशिमाचं कौतुक पहिल्यांदा करतो, कारण ते मनापासून आहे. होन्मुरात शिरलं की काळी घरं दिसतात. सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या फळ्या मुद्दाम जाळतात, वरचा थर कोळशासारखा होतो, आणि मग त्या भिंतींना ठोकतात. खाऱ्या हवेत असं लाकूड जास्त टिकतं. हिवाळ्यातलं तिरपं ऊन त्या कोळशावर पडलं की एक चंदेरी झाक येते. मी हात लावून पाहिला, तर बोटांना काही लागलं नाही. उन्हात तापून भिंत मात्र कोमट झाली होती. घरांच्या दारांवर नोरेन, म्हणजे कापडी पडदे, आणि घराण्याच्या जुन्या नावांच्या पाट्या. कुणाच्या घरात काय चाललंय ते दिसत नाही, पण कुणीतरी दाराशी उभं राहून स्वागत करतंय असं वाटत राहतं.

याच वस्तीतली ओस पडलेली घरं १९९८ पासून एकेक करून कलाकारांच्या हाती दिली गेली. पहिलं घर ‘कादोया’, सुमारे दोनशे वर्षांचं. आत अंधारलेल्या खोलीत जमिनीच्या जागी पाणी आहे आणि पाण्याखाली १२५ डिजिटल आकडे आपापल्या गतीनं पळताहेत. कुणी झरझर, कुणी इतका हळू की बंद पडला असं वाटावं. मियाजिमा तात्सुओ या कलाकारानं प्रत्येक आकड्याची गती बेटावरच्या एकेका माणसाला ठरवायला दिली होती, पाच वर्षांच्या पोरापासून पंचाण्णव वर्षांच्या वृद्धापर्यंत. बायको आणि मी त्या पाण्याकाठी बराच वेळ बसलो होतो. यातला पंचाण्णव वर्षांच्या माणसाचा आकडा कुठला असेल, तो सावकाश चालणारा असेल की सर्वांत घाईचा, यावर आमचं काही एकमत झालं नाही.

‘मिनामिदेरा’ही विसरता येणार नाही. वास्तुरचनाकार आंदो तादाओंनी बांधलेली लाकडी इमारत, आत प्रकाशाशी खेळणारे अमेरिकन कलाकार जेम्स टरेल यांचं काम. भिंतीला हात लावून पूर्ण अंधारात चालत जायचं आणि बाकावर बसायचं. काही मिनिटं काहीच दिसत नाही. शेजारच्या माणसाच्या जाकिटाची सळसळ तेवढी ऐकू येते. मग हळूहळू समोर एक फिकट उजेड जाणवू लागतो, आणि कळतं की तो पहिल्यापासून तिथेच होता, डोळेच सरावले नव्हते. ‘हाइशा’ हे दातांच्या डॉक्टरांचं जुनं घर, ओताके शिन्रोंनी पत्रे, बोटींचे तुकडे, रंग यांनी मढवलेलं. आत चक्क स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा. आणि टेकडीवरचं ‘चिचू’ संग्रहालय, २००४ सालचं, जवळजवळ सगळं जमिनीच्या पोटात. तिथे फ्रेंच चित्रकार मोनेची पाच चित्रं आहेत ती फक्त दिवसाच्या उजेडात दिसतात, विजेचा दिवा नाही. हिवाळ्यात ढग सरकला की चित्रातल्या तळ्याचा रंग बदलतो. हे बघायचंच असेल तर नाओशिमाला पर्याय नाही, आणि तोनोशो त्या बाबतीत तुलनेलाही उभं राहत नाही. हे मी आधीच मान्य करतो.

अडचण त्या चित्रांची नाही. दोन चित्रांच्या मधल्या वेळेची आहे.

नाओशिमावरची बरीचशी ठिकाणं वेळ ठरवून बघायची असतात. चिचूला दिवस आणि वेळ धरून तिकीट काढावं लागतं. होन्मुरातल्या एका घरात एका वेळी एकाच माणसाला सोडतात, तेही आधी नाव नोंदवून. खोल्या लहान, कामं नाजूक, त्यामुळे हे असंच असायला हवं. सगळे एकदम आत शिरले तर पाहण्यासारखं काही उरणारच नाही. उन्हाळ्यात हे जाचतही नसेल. मधल्या वेळात माणूस समुद्रात पाय बुडवून बसेल, सायकलवरून एक फेरी मारेल. फेब्रुवारीत मात्र मधला वेळ नुसता उभ्यानं काढावा लागतो.

आमचा दुसरा दिवस सांगतो. सकाळचा स्लॉट पावणेअकराचा होता. बस ज्या वेळेला होती त्या वेळेला होती, तिनं आम्हाला पन्नास मिनिटं आधी नेऊन सोडलं. दारावरच्या बाईंनी अतिशय अदबीनं, दोनदा कमरेत वाकून सांगितलं की ठरलेल्या वेळी यावं. नियम बरोबरच होता. आम्ही रस्त्याच्या कडेनं खाली गेलो, वर आलो, पुन्हा खाली गेलो. ऊन होतं, पण वाऱ्यानं त्याचा काही उपयोग होऊ दिला नाही. व्हेंडिंग मशीनमधून गरम कॉफीचे दोन डबे घेतले. ज्या बटणाखाली लाल पट्टी असते ते पेय गरम, निळी पट्टी असेल तर गार. आधी बराच वेळ डबे नुसते गालांना लावून उभे राहिलो आणि कोमट झाल्यावर प्यायलो.

दुपारी होन्मुरात तेच. एका घराची वेळ सव्वादोनची, दुसऱ्याची साडेतीनची. प्रत्येक घरात दहा-पंधरा मिनिटं. मधला तासभर जायचं कुठे? आदल्या दिवशी एक छानसं कॅफे हेरून ठेवलं होतं, त्याच्या दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी : हिवाळ्यापुरतं बंद. दुसरं उघडं होतं, पण जेवणाची वेळ संपली म्हणून पाटी उलटी फिरवलेली. बायकोनं मफलर नाकापर्यंत ओढला आणि चौथ्यांदा फोनमध्ये वेळ पाहिली. तिला कादोयाचं इतकं अप्रूप वाटलं होतं, पण त्या क्षणी ती म्हणाली, “मला आता काही बघायचं नाहीये रे, मला फक्त आत कुठेतरी बसायचंय.” माझी पण तीच गत होती. एखादी गल्ली आवडली म्हणून पुढे जावं, तर उशीर होईल. परत फिरावं, तर अजून अर्धा तास. त्या दिवशी आम्ही बेटावर भटकलो असं मला म्हणता येत नाही. आम्ही एका घड्याळाकडून दुसऱ्या घड्याळाकडे चालत होतो.

संध्याकाळी बोटीच्या धक्क्यावर आलो. मियानोउराचं हे बंदर सानाआ या वास्तुरचनाकारांच्या जोडीनं २००६ मध्ये बांधलं. पातळ कागदासारखं लांबच लांब छप्पर, काडीसारखे खांब, आरपार दिसणारा समुद्र. फोटोत पाहिलं होतं त्याहून सुंदर आहे. काचेआडचा भाग सोडला तर चारी बाजूंनी मोकळं, आणि त्याचं सौंदर्य त्या मोकळेपणातच आहे. तिथे उभं असताना मला पहिल्यांदा नीट उमगलं की हे बेट बघण्यासाठी रचलेलं आहे. समुद्र दिसावा, आकाश दिसावं, प्रकाश आत यावा. प्रकाशाला वाट दिली की वाऱ्यालाही मिळते.

त्या रात्री ओताकेंनीच २००९ मध्ये रंगवलेल्या सार्वजनिक हमामखान्यात गेलो, पुरुष आणि बायकांच्या मधल्या भिंतीवर हत्ती उभा असलेल्या. गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसल्यावर दिवसभराचं सगळं माफ झालं. तिथे कपडे काढून सगळ्यांसोबत अंघोळ करायची असते. आपल्यातल्या बऱ्याच जणांना त्याचा संकोच वाटतो. तो बाजूला ठेवता आला तर हिवाळ्यातल्या नाओशिमावर ही सर्वांत सुखाची जागा आहे.

आता तोनोशो. तिथे आम्ही शिकोकूवरच्या ताकामात्सु शहरातून गेलो, मोठ्या बोटीनं, तासाभराचा प्रवास. नाओशिमाच्या मानानं प्रवास जरा लांबचा पडतो, हे खरं; तिकडे होन्शूवरच्या उनो बंदराहून गेलं तर वीस मिनिटांत माणूस बेटावर असतो. पण मोठी बोट स्थिर असते आणि आत गादीच्या खुर्च्या, ऊबदार हवा. आईचे गुडघे दुखतात, तिला ते बरं पडलं.

तारीख चौदा जानेवारी. बोट धक्क्याला लागली, दार उघडलं, आणि आई पायऱ्यांवरच थांबली. मागचे लोक खोळंबले. ती म्हणाली, “अरे, तीळ भाजतंय कुणीतरी.”

मला आधी वाटलं, संक्रांत आहे म्हणून तिच्या मनात आलं असेल. मग मलाही वास आला. चांगला खमंग, लोखंडी कढईत तीळ तडतडायला लागल्यावर येतो तसा. तोनोशोत तिळाच्या तेलाचा मोठा कारखाना आहे. १८५८ मध्ये याच बेटावर सुरू झालेली ही कंपनी आज जपानभर तिळाचं तेल पुरवते. वाऱ्याची दिशा जुळली की बंदरभर तो वास पसरतो. आईच्या पर्समध्ये वाईहून आणलेला तिळगूळ होता. बंदरात सोनेरी पानांचं एक मोठं कडं उभं केलंय, ऑलिव्हच्या पानांचं, आणि पानांवर बेटावरच्या मुलांचे संदेश कोरलेत. त्याच्या पायथ्याशी उभं राहून तिनं आमच्या हातांवर तिळगूळ ठेवला.

हे मोजमापात बसणारं नाही, मला कल्पना आहे. तुम्ही एप्रिलमध्ये गेलात किंवा वारा उलटा असला तर तो वास कदाचित येणारही नाही. तरीही तोनोशोच्या बाजूनं बोलताना ही गोष्ट गाळली तर मी प्रामाणिक राहणार नाही.

बंदरापासून भुलभुलैया पायी पंधरा-वीस मिनिटांवर. वाटेत दोफुची सामुद्रधुनी लागते. सर्वांत अरुंद जागी ती ९.९३ मीटर, आणि जगातली सर्वांत अरुंद सामुद्रधुनी म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. लहानशा पुलावरून ती ओलांडली की एका बेटावरून दुसऱ्या बेटावर आलो. आई म्हणाली, “हा तर आपल्याकडचा ओढा.” पण खाली वाकून पाहिल्यावर पाणी जोरात एका दिशेनं चाललेलं दिसलं, कडेच्या दगडांवर शिंपले चिकटलेले. दोन्ही टोकांना समुद्रच आहे हे तेवढ्यानं पटलं. ही सामुद्रधुनी ओलांडल्याचं प्रमाणपत्रही मिळतं. आईनं ते घेतलं, आता वाईच्या घरात काचेच्या कपाटात आहे.

त्यानंतर गल्ल्या सुरू झाल्या, आणि तिथे शिरताक्षणी जे झालं त्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसलो. वारा थांबला. कमी झाला असं नव्हे, थांबलाच. पुलावर आईचा पदर स्वेटरबाहेर उडत होता, तो दहा पावलांवर शांत होऊन खाली लोंबू लागला.

यामागे कारण आहे. चौदाव्या शतकात जपानात उत्तरेचा आणि दक्षिणेचा असे दोन राजदरबार एकमेकांशी लढत होते, तेव्हा शत्रूला गावात सरळ घुसता येऊ नये म्हणून या गल्ल्या वाकड्यातिकड्या रचल्या असं सांगतात. पुढे चाच्यांपासून बचाव आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यापासून बचाव, अशा दोन्ही कामांना त्या आल्या. म्हणून इथली एकही गल्ली सरळ जात नाही. वीस पावलांवर वळण, मग इंग्रजी टीसारखा फाटा, मग एक बोळ जो कुणाच्या तरी परसदारी जाऊन संपतो. समोर येणारा माणूस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. वाऱ्याचंही तेच होतं, एकेका कोपऱ्यावर आपटून तो दमतो. लोकांनी सहाशे-सातशे वर्षांपूर्वी बांधून ठेवलेला आडोसा आम्हाला आयता मिळाला.

आईचं बालपण वाईच्या गंगापुरीतलं. ती बोळांतून चालायला सरावलेली. इथे ती आमच्या पुढे चालू लागली. दोन हात पसरले तर दोन्ही बाजूंच्या भिंतींना बोटं लागतील अशा जागा आहेत. एका दाराशी रॉकेलचे चौकोनी कॅन ओळीनं ठेवलेले, आत हीटर चालू असल्याचा घरघर आवाज, वर खिडकीत वाळत घातलेले मोजे. एका ओट्यावर उन्हाचा पट्टा पडला होता, बरोब्बर एका मांजरापुरता, आणि त्यात मांजर होतंच. घरं काळी, करडी, काहींची कौलं खचलेली. साइकोजी या देवळाचा लाल तीनमजली मनोरा छपरांवरून दिसत राहतो. आम्ही त्याच्यावर नजर ठेवून चालत होतो, पण तो कधी डावीकडे, कधी उजवीकडे, एकदा तर पाठीमागे. फोनमधला नकाशा होता. आईनं तो बंद करायला लावला.

अर्ध्या-पाऊण तासानं आम्ही तिसऱ्यांदा त्याच मांजरापाशी आलो. एका घराचं सरकतं दार उघडून एक आजीबाई बाहेर आल्या, आमच्याकडे पाहून हसल्या आणि विचारलं, “वाट चुकलात का?” मी हो म्हटलं. त्यांनी चपला चढवल्या आणि बोलत बोलत आम्हाला देवळापर्यंत आणून सोडलं. त्यांना आईचं वय विचारायचं होतं, आईला त्यांचं. मी मध्ये दुभाषा. दोघींमध्ये दोन वर्षांचं अंतर निघालं. आईनं पर्स उघडून तिळगूळ दिला, त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, “गोमा!” म्हणजे तीळ. त्या गावात तो वास कुणाला शिकवावा लागत नाही.

देवळाच्या परिसरात ओझाकी होसाई या कवीचं लहानसं स्मारक आहे, त्याच्या शेवटच्या खोपटाच्या जागी. अक्षरांचं गणित सोडून मोकळ्या हायकू लिहिणारा हा माणूस नोकरी-संसार सगळं मागे टाकून ऑगस्ट १९२५ मध्ये इथे आला आणि पुढच्या एप्रिलमध्ये इथेच वारला. म्हणजे या गावातला एकच हिवाळा त्याच्या वाट्याला आला. जानेवारीत त्या जागी उभं राहिलं की त्या हिवाळ्याचा विचार आल्याशिवाय राहत नाही. आम्ही तिथे होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणी आलं नाही, आणि कुणी वेळ संपली असंही सांगितलं नाही.

गल्ल्यांमधल्या जुन्या इमारतींत पसरलेलं एक योकाई संग्रहालय आहे, म्हणजे भुताखेतांचं. शेकडो लहान-मोठ्या मूर्ती, देशोदेशींच्या लोकांनी घडवलेल्या. काही अगदी पोरकट वाटल्या, काही फार सुरेख. कलाप्रकार म्हणून नाओशिमाशी त्याची बरोबरी करू नये. पण ते एका छपराखाली नाही. एक इमारत पाहून झाली की बोळातून पुढची शोधायची, त्यामुळे बघणं आणि भटकणं एकमेकांत मिसळून जातं. माझी बायको कुडाळची. पाण्यातल्या कप्पा या भुताची मूर्ती पाहिल्यावर ती लगेच म्हणाली, “हा तर आमचा गिऱ्हा.” मग आईला मुंजा आठवला, पिंपळ आठवला, आणि पुढची इमारत सापडेपर्यंत दोघी एकमेकींना भुतांच्या गोष्टी सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसनं गावाबाहेर, हातानं सोमेन ओढणाऱ्या एका छोट्या कारखान्यात गेलो. सोमेन म्हणजे बारीक पांढऱ्या शेवया. हा उद्योग इथे चारशे वर्षांचा आहे आणि त्याचा खरा हंगाम हिवाळाच, कारण कोरड्या गार हवेत त्या नीट वाळतात. आपल्या शेवया चैत्र-वैशाखाच्या उन्हात बाजेवर वाळतात, तेवढाच फरक. दोन दांड्यांमध्ये ताणलेले पांढरे धागे उंच पडद्यासारखे लोंबत होते. एक गृहस्थ दोन लांब काड्या मध्ये घालत, हलकेच वर-खाली फिरवत, आणि चिकटलेले धागे सुटे होत. धागा तुटत नव्हता, नुसता थरथरत होता. जवळ गेलं की पुन्हा तोच वास : शोदोशिमाच्या शेवयांना ओढताना तिळाचं तेल लावतात, त्यामुळे त्या सुकून तुटत नाहीत. आई अर्धा तास जागची हलली नाही. तिनं आयुष्यभर पाटावर शेवया काढल्या आहेत. त्या गृहस्थांनी तिच्या हातात काड्या दिल्या, आणि तिला ते दुसऱ्याच खेपेला जमलं.

खाण्याचं सांगायला हवं. कट्टर शाकाहारी असाल तर दोन्हीकडे अडचण आहे, कारण रश्शात, बुडवून खायच्या पाण्यात, सगळीकडे सुक्या मासळीचा अर्क असतो. आईसाठी आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. तोनोशोत मात्र तिला उकडलेली सोमेन, वर बेटावरच मोठ्या लाकडी पिंपांत मुरवलेला सोया सॉस आणि चार थेंब तिळाचं तेल असं खाता आलं. तिनं दोन वाडगे खाल्ले. नाओशिमाला आमची भिस्त बंदराजवळच्या कोंबिनीतल्या, म्हणजे छोट्या किराणा दुकानातल्या, भातावर आणि केळ्यांवर होती.

तोनोशोच्या उण्या बाजू लपवत नाही. गाव म्हातारं होत चाललंय. बाजारपेठेत निम्मी शटर खाली, आणि काही कायमची. सहा वाजले की रस्त्यावर चिटपाखरू नाही. बसचं वेळापत्रक विरळ. समुद्रातून चालत जायची इथली एक प्रसिद्ध वाळूची वाट ओहोटीलाच उघडते, आणि जानेवारीत तिथल्या वाऱ्यात आम्ही पाच मिनिटांपलीकडे टिकलो नाही. ज्यांना ‘काय पाहिलं’ याची यादी हवी असते, त्यांना दुसऱ्या दुपारी कंटाळा येऊ शकतो. माझा एक मित्र माझ्या सांगण्यावरून गेला आणि म्हणाला, “चांगलं होतं, पण तिथे आहे काय?” त्याचंही चूक नाही.

माझ्याकडे थर्मामीटर नव्हतं, पण काइरो होते, खिशात ठेवायच्या त्या गरम पुड्या. नाओशिमाला दोन दिवसांत आम्ही दोघांनी दहाचं पाकीट संपवलं आणि कोंबिनीतून आणखी घेतलं. तोनोशोला तिघांत मिळून चार लागल्या, त्यातल्या दोन वाळूच्या वाटेवर. तारखेचा फरक असेल, त्या दिवसांच्या हवेचा असेल. मला तो गल्ल्यांचा वाटतो.

तरी नाओशिमाला कुणी जावं? ज्यांना आधुनिक कलेची मनापासून ओढ आहे आणि जपानला पुन्हा येणं होईल न होईल, त्यांनी डोळे मिटून जावं. फक्त सोमवार टाळा, त्या दिवशी बहुतेक दारं बंद असतात. दिवसाला दोनपेक्षा जास्त स्लॉट घेऊ नका, आणि दोन स्लॉट होन्मुरातलेच किंवा टेकडीवरचेच ठेवा, म्हणजे मध्ये बसची वाट पाहावी लागत नाही. मुक्काम बेटावर करा. धक्क्यावरचं कुसामा यायोई या कलावतीचं शिल्प, पिवळा भोपळा, २०२१ च्या वादळात लाटांनी ओढून नेला होता, पुढच्या वर्षी पुन्हा बसवला. तो सकाळी लवकर, धक्क्यावर कुणी नसताना बघा. त्याला वेळ ठरवावी लागत नाही, आणि वाऱ्यात उभं राहायचंच तर निदान अशा गोष्टीसमोर राहावं.

बरोबर वयस्कर माणसं असतील, किंवा लहान मूल असेल, किंवा नुसतं चालायचं, थांबायचं, परत फिरायचं असेल, तर मी तोनोशोच सांगेन. दोन्ही रात्री तिथे काढा. एखाद्याला एकच रात्र असेल तरीही माझं उत्तर बदलत नाही, आवाज थोडा खाली येतो इतकंच.

आई यंदा पुन्हा येतेय. होन्मुरात मे २०२५ मध्ये आंदोंचं नवीन संग्रहालय उघडलंय, ते बायकोला बघायचंय. तिनं एकाच दिवसाचं, एकाच वेळेचं तिकीट काढायचं ठरवलंय. मी ताकामात्सुहून तोनोशोला जाणाऱ्या बोटीचं वेळापत्रक काढून फ्रिजवर लावलंय, तेरा तारखेच्या दुपारचं. आईनं फोनवर विचारलं, त्या आजीबाईंसाठी तिळगूळ वेगळ्या डब्यात आणू का.